सिंदी (मेघे) येथील ग्रामसफाई आणि स्वयंसेवेची परिभाषा

१. विषयप्रवेश

वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) हे गाव आहे. याच जिल्ह्यातील सेलू तालुक्यात सिंदी नावाचे दुसरे गाव असून ते रेल्वे-स्थानकावरून ‘सिंदी (रेल्वे)’ म्हणून ओळखले जाते. त्यामुळे दोन्ही नावांना उपपद जोडण्याची गरज पडली. वर्ध्याभोवतीच्या सावंगी, बोरगाव आणि उमरी या गावांच्या नावांपुढेही ‘मेघे’ हेच उपपद आढळते. २०११ च्या जनगणनेत सिंदी (मेघे)ची नोंद खेडे म्हणून न होता ‘जनगणना-नगर’ म्हणून झाली. शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडल्याचा तो पुरावाच होय. १९३५ साली मात्र सिंदी हे मगनवाडीपासून सहज चालत जाण्याच्या अंतरावरचे एक सामान्य खेडे होते.

या खेड्यात त्या वर्षी जे घडले त्याला आजच्या भाषेत ‘पर्यावरणासाठी केलेले स्वयंसेवी कार्य’ असे म्हणता येईल. परंतु यातील ‘पर्यावरण’ हा शब्द त्या काळी कोणाच्या तोंडी नव्हता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतरच त्याचा मराठीत खरा प्रसार झाला. ‘स्वयंसेवा’ हा शब्दही सिंदीच्या रहिवाशांच्या व्यवहारातला नव्हता. कृती प्रत्यक्ष घडत होती. पण तिला काय म्हणावे याविषयी करणारे आणि पाहणारे यांच्यात एकवाक्यता नव्हती. या मतभेदाला केवळ शाब्दिक समजणे चुकीचे ठरेल. गावाची स्वच्छता, पाणी, जमीन आणि झाडे यांच्यासाठी लोकांनी आपण होऊन श्रम करावेत, असे आवाहन आजही पदोपदी केले जाते. ते आवाहन ऐकणाऱ्याला नेमके काय ऐकू येते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्या श्रमाच्या नावात दडलेले असते. सिंदीच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सिंदीतील प्रसंग

१९३४ च्या डिसेंबरात वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी संघासाठी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ हे नाव मिळाले. गांधीजी १९३५ च्या आरंभापासून मगनवाडीत राहू लागले व ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला गेले. त्याच शेगावचे पुढे, १९४० मध्ये, ‘सेवाग्राम’ असे नामांतर झाले. मधल्या काळात मगनवाडीतील मंडळींनी ग्रामसेवेसाठी जवळचे गाव निवडले ते सिंदी.

कामाचा क्रम अगदी साधा होता. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि त्यांचे सहकारी सकाळी बादल्या व फावडी घेऊन सिंदीला जात, वाटांच्या कडेला पडलेला मैला गोळा करीत आणि त्याचे खत होईल अशी व्यवस्था लावीत. मीराबेन तर काही काळ सिंदीतच राहिल्या. नंतर त्या शेगावी गेल्या आणि गांधीजींच्या शेगावच्या वास्तव्याची पूर्वतयारी एका परीने त्यांनीच केली.

महादेवभाईंचे चिरंजीव नारायण देसाई यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत सिंदीची एक हकिकत नोंदविली आहे. सफाईला कित्येक महिने लोटले तरी गावकऱ्यांच्या सवयींत फरक पडला नाही. एके दिवशी परसाकडून परतणाऱ्या एका गावकऱ्याने महादेवभाईंना सांगितले की, पलीकडच्या बाजूला घाण अधिक आहे, तीही साफ करावी. लहानग्या नारायणला या प्रकाराचा राग आला आणि त्याने गांधीजींकडे तक्रार केली. अस्पृश्यतेची मुळे किती खोल गेली आहेत हेच यावरून शिकावयाचे, आणि म्हणूनच हे काम धीराने चालू ठेवावयाचे, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता.

या हकिकतीतील गावकरी उद्धट होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या समोर एक माणूस फावड्याने मैला उचलीत होता. हे काम कोण करतो याचे उत्तर त्याच्या भाषेने व समाजाने पिढ्यान्‌पिढ्या निश्चित करून ठेवले होते. त्या उत्तराप्रमाणेच त्याने समोरच्या माणसाला ओळखले आणि त्याला साजेशी सूचना केली. महादेवभाईंची कृती दानाची होती; गावकऱ्याने तिचा अर्थ लावला तो कर्तव्याचा, आणि तोही एका विशिष्ट जातीच्या कर्तव्याचा. वक्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ आणि श्रोत्याने ग्रहण केलेला अर्थ यांत अंतर पडणे ही भाषाव्यवहारातील नेहमीची घटना आहे. सिंदीत ती एका कृतीच्या बाबतीत घडली, एवढेच.

३. घाणीचे शब्द आणि झाडण्याचे शब्द

गावकऱ्याच्या या समजुतीमागे कोणती शब्दव्यवस्था उभी होती ते पाहणे उद्बोधक आहे. मलविसर्जनासाठी मराठीत सरळ क्रियापद आहे; परंतु सभ्य संभाषणात ते टाळले जाते. त्याच्या जागी ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’, ‘झाड्याला जाणे’, ‘बाहेर जाणे’ असे प्रयोग येतात. या सर्व प्रयोगांत कृतीचे नाव नाही. आहे ती केवळ जाण्याची दिशा. ‘शौच’ हा शब्द तर आणखी पुढे जातो. ‘शुचि’पासून साधलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी, विसर्जनानंतरच्या शुद्धीचे नावच येथे विसर्जनाला मिळाले आहे. अशा रीतीने शिष्ट भाषेत कृती झाकली जाते, आणि तिच्यानंतर मागे उरते त्याची वाच्यता करण्याचा प्रसंगच येत नाही. ज्याचा उच्चार होत नाही त्याची जबाबदारीही कोणाकडे येत नाही.

झाडण्याच्या बाबतीत शब्दांची वाटणी वेगळ्या तत्त्वावर झालेली दिसते. घरातील कामाला ‘झाडलोट’ आणि ‘सडासंमार्जन’ हे शब्द आहेत. ती कामे स्त्रियांची. घरात वापरावयाची ती केरसुणी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा होते आणि तिला पाय लागू नये असा संकेत आहे. अंगण व रस्ता झाडावयाचा तो खराटा. त्याला पूजेचा मान नाही. आणि गावातील मैला काढण्याच्या कामाला जे नाव होते ते थेट जातीच्या नावावरून पडलेले होते: ‘भंगीकाम’. आज हे नाव अवमानकारक ठरले आहे व शिष्ट लेखनातून ते गेले आहे. परंतु त्याची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. ‘सुतारकाम’, ‘लोहारकाम’ या शब्दांसारखीच ती दिसते. तथापि सुताराखेरीज इतराने हौसेने रंधा धरला तर तो सुतार ठरत नाही. मैला उचलणारा मात्र, तो कोणीही असो, उचलताक्षणी त्या जातीचा समजला जातो. पहिल्या शब्दात नाव कौशल्याचे आहे, दुसऱ्यात विटाळाचे आहे.

‘स्वयंसेवक’ हा शब्दही या वाटणीतून सुटला नव्हता. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस-अधिवेशनात शौचकूपांची दुर्दशा पाहून गांधीजींनी तेथील स्वयंसेवकांचे लक्ष तिकडे वेधले, तेव्हा हे आमचे काम नव्हे, ते भंग्याचे काम आहे, असे उत्तर त्यांना मिळाले, आणि त्यांनी स्वतः झाडू मागून घेतला. हा प्रसंग त्यांच्या आत्मकथेत आहे. स्वखुशीने सेवा करण्यास आलेल्या तरुणांनाही ‘सेवा’ या शब्दाच्या कक्षेत काय येते आणि काय येत नाही हे आधीच ठाऊक होते.

या पार्श्वभूमीवर मगनवाडीने उचलून धरलेल्या ‘सफाई’ या शब्दाचे महत्त्व कळते. हा शब्द अरबी मुळाचा असून फारसी-हिंदुस्तानीमार्गे आलेला. तो घरगुती नव्हता, म्हणून स्त्रियांकडे निर्देश करीत नव्हता. जातिवाचक नव्हता, म्हणून कोणा एका समाजाकडेही बोट दाखवीत नव्हता. ‘ग्रामसफाई’ हा संकरित समास म्हणूनच सोयीचा ठरला. परंतु शब्द बदलल्याने वस्तुस्थिती आपोआप बदलत नाही. पुढे नगरपालिकांनी ‘सफाई कामगार’ हे पदनाम स्वीकारले, त्या पदावर बहुतांशी त्याच जातींतील माणसे नेमली गेली, आणि तटस्थ म्हणून निवडलेल्या शब्दालाही जुन्या अर्थाची छटा येऊ लागली. सौम्य शब्दाची योजना करावी आणि काही काळाने तोही मलिन व्हावा, हा अर्थापकर्षाचा क्रम भाषाभ्यासकांना परिचित आहे.

४. सोनखत : निसर्गचक्राची बाजू

सिंदीच्या प्रयोगाची दुसरी बाजू शास्त्रीय होती. गोळा केलेला मैला दूर फेकून देणे एवढाच हेतू असता तर तो केवळ आरोग्याचा प्रश्न राहिला असता. गांधीजींचा भर मात्र जमिनीतून आलेले जमिनीला परत देण्यावर होता. इंग्रज वैद्य जॉर्ज व्हिव्हियन पूअर यांच्या ग्रामीण आरोग्यविषयक लेखनाचा त्यांनी आधार घेतला. मैला खोल पुरू नये, फूटभर वा त्याहून उथळ चरात पुरून वर कोरडी माती टाकावी, कारण जमिनीच्या वरच्या थरातच सूक्ष्म जीवांची विपुलता असते, हवा खेळती असते, आणि मैल्याचे अल्पावधीत निर्गंध खत होते, असे ते सांगत. खोल खड्ड्यात हे रूपांतर मंदावते आणि भूजल दूषित होण्याचा धोका वाढतो. या तत्त्वावरील ‘चराचे संडास’ पुढे सेवाग्रामच्या परिसरात प्रचारात आले.

याच सुमारास सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ‘इंदूर पद्धत’ही चर्चेत होती. काडीकचरा, शेण, गोमूत्र, माती व राख यांचे थर रचून, ओलावा व हवा यांचे प्रमाण राखून, ठराविक काळाने ते उलटेपालटे करून खत तयार करण्याची ही रीत त्यांनी इंदूरच्या संस्थेत बसविली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. कुमारप्पांनी १९४५ मधील आपल्या ‘स्थायी अर्थव्यवस्थे’च्या विवेचनात ज्या निसर्गचक्राचा पुरस्कार केला, त्या चक्राचा एक छोटा अंश मगनवाडी आणि सिंदी यांच्यामधल्या वाटेवर बादल्यांतून वाहिला जात होता, असे म्हणता येईल.

मराठीच्या दृष्टीने विशेष हे की, या खताला भाषेत एक सुंदर शब्द आहे: ‘सोनखत’. ‘सोने’ या शब्दाचे ‘सोन’ हे समासातील रूप ‘सोनचाफा’, ‘सोनकेळे’, ‘सोनटक्का’ यांतही दिसते. फुलाला आणि फळाला दिलेला बहुमान येथे मैल्याला दिलेला आहे. ज्या भाषेने मैला उचलणाऱ्याला हीन ठरविले तिनेच कुजलेल्या मैल्याला सोने म्हटले, ही विसंगती वरवरची नव्हे. शेतकऱ्याला वस्तूचे मोल कळत होते. वस्तूपर्यंत पोहोचणाऱ्या हाताला मात्र त्या मोलाचा वाटा मिळत नव्हता. ‘उकिरडा’ या शब्दाचीही हीच गोष्ट. संस्कृत ‘उत्कर’ म्हणजे केराचा ढीग. त्यापासून आलेला हा शब्द तुच्छतादर्शक आहे, आणि तरीही उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण लोकांनी करून ठेवली आहे. त्या उकिरड्याचा पालट घडवून आणणाऱ्या माणसाबद्दल म्हण काही बोलत नाही.

५. सुरगाव आणि गोपुरी

सिंदीतील अनुभवाचे पुढे दोन दिशांनी विकसन झाले. पहिली दिशा विनोबांची. १९४६ पासून गांधीजींच्या मृत्यूपर्यंतच्या काळात विनोबा पवनारहून जवळच्या सुरगावी खांद्यावर फावडे टाकून नित्य जात असत. त्यांनी आदर्श मानला तो सूर्य. सूर्य न चुकता उगवतो आणि कोणाकडून प्रशंसेची अपेक्षा करीत नाही, तसे हे काम व्हावे अशी त्यांची भूमिका होती. एकदा पावसामुळे वाटेतल्या प्रवाहाला पूर आला व पलीकडे जाणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी पैलतीरावरील माणसाला हाक मारून, गावचा भंगी येऊन गेला, पण पुरामुळे पोहोचू शकला नाही, असे देवळातल्या देवाला जाऊन सांगण्यास कळविले.

सिंदीच्या प्रसंगाशी याची तुलना करावी. सिंदीत गावकऱ्याने महादेवभाईंना न उच्चारता जे नाव दिले, तेच नाव सुरगावात विनोबांनी स्वतः उच्चारून स्वतःला लावून घेतले. बाहेरून लादलेले नाव आणि स्वीकारलेले नाव यांतील अक्षरे एकच असली तरी प्रयोग भिन्न आहेत. शिवाय ‘गावचा’ या षष्ठीने येथे एक नाते प्रस्थापित केले आहे. बाहेरून येणारा परोपकारी पाहुणा असे आपले स्थान त्यांनी मानले नाही; गावाच्या व्यवस्थेतला, जाबदार असलेला एक घटक म्हणून त्यांनी आपली गैरहजेरी कळविली. स्वयंसेवा ही सवडीची बाब असते हा समज या निरोपाने खोडून काढला.

दुसरी दिशा अप्पासाहेब पटवर्धनांची. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देणे तुरुंगाच्या नियमांत बसत नव्हते. नकार मिळाल्यावर त्यांनी अन्नत्याग आरंभिला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपवास केला. म्हणजे हे काम जातीने लादले जात होते एवढेच नव्हे, तर स्वखुशीने करू पाहणाऱ्याला ते नाकारलेही जात होते. पुढे १९४८ मध्ये कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केल्यावर अप्पासाहेबांनी आपले लक्ष संडासाच्या रचनेकडे वळविले. ‘गोपुरी संडास’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेमागचा हेतू असा की, मैल्याचे सोनखत व्हावे, पण कोणालाही ताजा मैला हाताळावा लागू नये. दुसऱ्याचे काम आपण करणे ही स्वयंसेवेची पहिली पायरी. ते काम कोणालाच करावे न लागेल अशी सोय करणे ही पुढची पायरी. गोपुरीने ही दुसरी पायरी दाखविली.

६. आक्षेप

या सर्व कार्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी मैला साफ करण्याच्या कामाला श्रेष्ठ समाजसेवा म्हणून गौरविण्याच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली. ज्यांना जन्मामुळे ते काम करावे लागते त्यांच्या दृष्टीने असा गौरव म्हणजे त्यांना त्याच कामात संतुष्ट राहण्याचा उपदेश होय, हा त्या टीकेचा रोख होता.

भाषेच्या अंगाने पाहता हा आक्षेप क्रियापदाच्या अर्थाशी भिडतो. ‘मी हे काम करतो’ आणि ‘मला हे काम करावे लागते’ या दोन वाक्यांत काम एकच असले तरी कर्त्याची स्थिती वेगळी आहे. पहिल्यात कर्ता प्रथमेत आहे. दुसऱ्यात तो चतुर्थीत गेला आहे, म्हणजे क्रिया त्याच्यावर येऊन पडली आहे. महादेवभाईंनी आणि विनोबांनी काम पहिल्या वाक्याप्रमाणे केले. ते थांबवण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. हे स्वातंत्र्य ज्याला नाही त्याच्या श्रमाला ‘सेवा’ म्हणणे ही अर्थाची फसवणूक आहे. स्वेच्छा हा स्वयंसेवेचा प्राण असेल, तर ज्याच्याकडून ते काम सक्तीने घेतले जाते त्याची सुटका हे स्वयंसेवेचे साध्य असले पाहिजे. त्याच्या कामाची स्तुती हे नव्हे. कायद्याने ही गोष्ट बऱ्याच उशिरा मान्य केली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा; त्याहून व्यापक असा, पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून अमलात आला.

७. वेठ, इर्जिक आणि श्रमदान

सामूहिक श्रमाचे मराठीतील जुने शब्द दोन गटांत पडतात. पहिला गट सक्तीचा. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला ‘वेठ’ आणि फारसीतून आलेला ‘बिगार’ हे दोन्ही शब्द मोबदल्याविना लादलेल्या श्रमाचे वाचक असून ‘वेठबिगार’ या जोडशब्दात ते एकत्र आले आहेत. ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आजही जिवंत आहे. दुसरा गट परस्परांच्या साहाय्याचा. एखाद्याच्या शेतातले काम उरकण्यासाठी गावकऱ्यांनी आपली माणसे व अवजारे घेऊन यावे आणि यजमानाने सर्वांना जेवण घालावे, ही ‘इर्जिक’. बैल व माणूसबळ यांची आळीपाळीने देवघेव करणे, ही ‘सावड’. दोहोंत औपचारिक हिशेब नाही. पण आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, ही परतफेडीची जाणीव पक्की आहे.

‘श्रमदान’ हा शब्द या दोन्ही गटांबाहेरचा आहे. १९५१ च्या एप्रिलात भूदानाचा आरंभ झाला आणि ‘संपत्तिदान’, ‘ग्रामदान’, ‘बुद्धिदान’, ‘जीवनदान’ अशा शब्दांचे एक कुटुंबच तयार झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत रस्ते, विहिरी आणि शाळागृहे यांच्या बांधकामात लोकांच्या श्रमाचा वाटा घेतला जाऊ लागला, तेव्हा ‘श्रमदान’ हा शब्द सरकारी कागदपत्रांतून खेडोपाडी पोहोचला.

संस्कृत व्याकरणात ज्याला उद्देशून दान केले जाते त्याला ‘संप्रदान’ अशी संज्ञा आहे. त्याच्याविना दानक्रिया पुरी होत नाही. ‘भूदाना’त भूमिहीन हे संप्रदान स्पष्ट आहे. ‘श्रमदाना’त मात्र ते कोण? आपल्याच गावची विहीर खणणारा माणूस कोणाला दान करतो? स्वतःलाच दान करता येत नाही. विनोबांनी ‘दान’ या शब्दाचा अर्थ ‘सम्यक् विभागणी’ असा घेतला व त्यासाठी शंकराचार्यांच्या भाष्याचा आधार दिला; त्या अर्थाने श्रमदान म्हणजे श्रमाची सर्वांत वाटणी असे होईल. परंतु लोकव्यवहारात ‘दान’ हा शब्द दाता व याचक यांच्या अर्थानेच रुळलेला असल्याने ही सूक्ष्म छटा टिकली नाही. अधिकाऱ्याच्या आग्रहावरून केलेले श्रमदान गरिबाला वेठीसारखे वाटले, आणि एका दिवसापुरते फावडे हाती घेणाऱ्या प्रतिष्ठिताला ते पुण्यासारखे वाटले. दोघांच्याही मनात इर्जिकीची आठवण जागी झाली नाही.

वऱ्हाड-नागपूरकडील संतपरंपरेने या अडचणीतून दुसरी वाट काढली. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती घेतला तो प्रतिष्ठित झाडू नव्हे. अंगणाबाहेरचा, मान नसलेला खराटा. कीर्तन करण्यापूर्वी ते ते गाव झाडीत. ज्याच्या मुखातून उपदेश ऐकावयाचा तोच आधी रस्ता झाडतो हे पाहिल्यावर झाडणे आणि हीनत्व यांचा सांधा सैल होत असे. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून ग्रामसफाई हा प्रार्थनेसारखाच सामुदायिक परिपाठ केला. येथे दाता-याचक असा भेद नव्हता. उपासना जशी सर्वांनी करावयाची तशीच सफाई सर्वांनी करावयाची होती.

८. अलीकडील वळण

२०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावांमध्ये स्पर्धा लावून पारितोषिके ठेवण्यात आली. त्यानंतरच्या काळात ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्दप्रयोग राजभाषेत प्रतिष्ठित झाला. ज्या क्रियापदाला शिष्ट मराठीने शतकानुशतके आडपडदा घातला होता, त्यापासून बनलेला अस्सल देशी शब्द शासननिर्णयात आणि गावाच्या वेशीवरील फलकावर येणे ही लहान घटना नव्हे. दिशा सांगणारे सौम्य शब्द मागे पडले आणि कृतीचे व जागेचे सरळ नाव पुढे आले. नाव आल्याबरोबर जबाबदारीही आली.

मात्र त्याचबरोबर ‘गुड मॉर्निंग पथक’ हा दुसरा शब्दही आला. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडविणे हे या पथकांचे काम. सिंदीत सकाळी येणारी माणसे बादली घेऊन येत व गावकऱ्याला काही बोलत नसत. पथक गावकऱ्याला बोलते, पण बादली आणीत नाही. दोन्ही पद्धतींच्या मर्यादा उघड आहेत. पहिलीत गावकरी प्रेक्षक राहिला, दुसरीत तो अपराधी ठरला. घरी संडासासाठी जागा किंवा पाणी नसलेल्या माणसाला अभिवादनाच्या शब्दांत लज्जित करणे हा भाषेचाही गैरवापर होय.

याच वर्धा जिल्ह्यात ‘श्रमदान’ शब्दाला मिळालेला नवा अर्थ अधिक आशादायक आहे. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनने गावागावांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा घेतली. आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाने २०१७ मध्ये पहिला क्रमांक मिळविला. समतल चर, बांध, माती अडविणे ही त्या कामांची नावे. ज्यांनी चर खणले त्यांच्याच विहिरींना पाणी येणार होते. त्यामुळे येथे श्रमदान आपल्या जुन्या नात्याकडे, इर्जिकीकडे, पुन्हा झुकलेले दिसते. वर्धा शहरालगतच्या हनुमान टेकडीवर नागरिकांनी श्रमदानाने केलेली वृक्षलागवडही याच जातीची. तथापि ही कामे पत्करण्यास लोकांना जातीचा अडथळा आला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. माती खणणे आणि झाड लावणे यांना मराठीत कधीच विटाळाचे नाव नव्हते. नाली उपसणे, कचरा वेगळा करणे, मैलाटाकी साफ करणे या कामांसाठी स्वयंसेवकांची अशी रांग लागत नाही. सिंदीच्या वाटेवरचा प्रश्न तेथे अजून जसाच्या तसा उभा आहे.

९. समारोप

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, समाजात स्वखुशीने केल्या जाणाऱ्या कामांची निवड त्यांच्या उपयुक्ततेवरून होत नाही. त्या कामांच्या नावांत साठलेल्या प्रतिष्ठेवरून बहुतेक वेळा ती होते. वृक्षारोपण सर्वांना हवेसे वाटते आणि नालीसफाई कोणालाच नको असते, याचे कारण पर्यावरणशास्त्रात सापडणार नाही. दुसरी अशी की, सिंदी, सुरगाव आणि गोपुरी येथील कार्याचे मूल्यमापन किती मैला उचलला यावरून करता येत नाही. सिंदीने अडचण उघडी केली, सुरगावने नित्यतेचा आणि उत्तरदायित्वाचा अर्थ दाखविला, गोपुरीने हाताची सुटका करणारी रचना पुढे ठेवली. आणि आंबेडकरांच्या आक्षेपाने या तिन्हींना लावावयाची कसोटी दिली.

‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीत ‘गाव’ हा शब्द कर्तृपदी आहे. परंतु व्यवहारात ‘गाव आणि महारवाडा’ अशी जोडी बोलली जात असे, म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती ‘गाव’ या शब्दाच्या अर्थात धरली जात नव्हती. ग्रामसफाईत गाव हा कर्ता व्हावयाचा, तर त्या शब्दात कोण कोण येतात हे आधी ठरले पाहिजे. नाली उपसण्याच्या दिवशी हजर राहणाऱ्यांची यादी आणि झाड लावण्याच्या दिवशी हजर राहणाऱ्यांची यादी ज्या गावात एकच असेल, त्या गावापुरते हे ठरले असे समजावे.